डबड्यातलं घर

मास्तरांनी आयुष्यभर एकच वाक्य खपवलं: "रस्ता डोक्यात पाहिजे, डबड्यात नाही." गाडी शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी ऐकावं लागायचं, मग तो डॉक्टर असो, कॉलेजातली पोरगी असो, नाहीतर नवऱ्याशी भांडून हट्टाने आलेली बाई असो. अर्ध्या शहराचे पाय त्यांनी क्लचवर बसवले. बायकोचे मात्र नाही. "तुला कशाला? मी आहे ना," असं लग्नानंतर कधीतरी म्हणाले आणि तो विषय तिथेच मिटला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

डबडं म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवायचं ते रस्ता सांगणारं यंत्र. हे दोघं जुनं घर विकून शहराच्या नव्या भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा मुलाने आणून दिलं होतं. "बाबा, तिकडे सगळ्या इमारती एकसारख्या आहेत. लागेल तुम्हाला," एवढंच तो बिचारा म्हणाला. मास्तरांना तो अपमान वाटला. त्यांनी ते खोक्यासकट डिकीत टाकलं आणि वर स्टेपनी ठेवली.

आणि आता हेच मास्तर रोज सकाळी त्या डबड्याची काच शर्टाच्या टोकाने पुसत होते.

कारण सांगून टाकतो. लपवत मास्तर होते, आपण कशाला लपवायचं? गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ते बाजारातून बाहेर पडले आणि घराचा रस्ता डोक्यातून गेला. चौक तोच, सिग्नल तोच, समोरचा पेट्रोल पंपही तोच. पण आता डावीकडे की उजवीकडे, म्हटलं तर आत नुसतं कोरं. मागचे हॉर्न मारायला लागले. मास्तरांनी गाडी कडेला घेतली, घाम पुसला, आणि डिकी उघडून स्टेपनीखालून ते डबडं काढलं. मुलाने त्यात 'घर' आधीच भरून ठेवलेलं होतं. बटण दाबल्याबरोबर आतली बाई शांतपणे बोलायला लागली आणि तिने त्यांना बिनबोभाट दारात आणून सोडलं.

"उशीर झाला?" बायकोने विचारलं.

"गर्दी," मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून एकच घोर. कळलं तर काय? कळलं तर मुलगा परगावाहून धावत येईल, डॉक्टरांकडे नेईल, किल्ली काढून घेईल. मग खिडकीपाशी खुर्ची टाकून देतील, आणि येणारे-जाणारे विचारतील, "कसे आहात मास्तर?" ज्याच्या हाताखालून शहरातले निम्मे ड्रायव्हर गेले, त्याच्याच हातातून गाडी जायची! काय वाटेल ते होवो, हे कुणाला कळता कामा नये. म्हणून त्यांनी ठरवलं, डबड्याशिवाय गेटबाहेर पडायचं नाही.

बायकोने काचेवर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कमरेवर हात ठेवले.

"ही कोण नवीन?"

"पोराने एवढ्या प्रेमाने दिलंय. पडून होतं."

"दिल्याला किती वर्षं झाली! प्रेम आज उतू गेलं वाटतं." मग आतली बाई बोलायला लागली तशी ती हसली. "घ्या! या वयात सवत आणलीत, तीही बोलघेवडी."

आणि तेव्हापासून ती सगळीकडे बरोबर यायला लागली. भाजीला, बँकेत, चाकात हवा भरायलासुद्धा. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी ही बाई, गाडीची किल्ली वाजली की चपला घालून दारात हजर. मास्तरांना वाटायचं, सवतीवर नजर ठेवायला येते.

गाडीचंही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ही त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलचीच जुनी गाडी. स्कूल बंद झालं, दारावरचा बोर्ड खरवडून काढला, पण शेजारच्या सीटपुढचे जादा क्लच आणि ब्रेक तसेच राहिले. तिथे बसून मास्तरांनी उभी हयात काढली होती. शिकणारा गडबडला की इकडून मास्तरांचा पाय पडायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची. "त्याला कुणी पाय लावायचा नाही," ही त्यांची घरातल्यांना सक्त ताकीद. पूर्वी कधी बायको त्या सीटवर बसली तर पाय आखडून, देवाच्या पाटाला पाय लागू नये तशी बसायची.

तर असं महिना-दोन महिने बरं चाललं. पण सुख कधी निभलंय? डबड्यातला नकाशा होता जुना. त्यानंतर नदीवर नवा उड्डाणपूल झाला, बाजारातला रस्ता एकेरी झाला, दोन चौक बुजवून एकच मोठं वर्तुळ झालं. डबड्याला यातलं काही ठाऊक नाही. गाडी पुलावर चढली की बाई गांगरायची. पडद्यावर गाडी नदीच्या पाण्यात दिसायची आणि ती म्हणायची, "शक्य असेल तिथून मागे वळा." पुलाच्या मध्यावर कुठून वळायचं, तिच्या बापाच्या घरी?

एके सकाळी तिने सांगितलं, "डावीकडे वळा," आणि मास्तर वळले. समोरून गाड्यांचा लोंढा अंगावर. हॉर्न, शिव्या, कुणीतरी काच खाली करून "म्हाताऱ्या, मरायचंय का?" म्हणालं. तेवढ्यात एक सायकलवाला अगदी बॉनेटसमोर आला, आणि गाडी खाडकन थांबली. वीतभर अंतर राहिलं असेल. मास्तर मनात म्हणाले, डोक्याचं काहीही होवो, पाय अजून शाबूत आहे. बायको शेजारी डॅशबोर्ड धरून बसली होती.

शिट्टी वाजवत ट्रॅफिक पोलीस आला. वाकून बघतो तर त्याचेच डोळे विस्फारले.

"मास्तर? तुम्ही?"

जुना विद्यार्थी. परीक्षेत नापास होता होता वाचलेला.

"नो एन्ट्रीची पाटी दिसली नाही तर आधी डोळे दाखवून ये, असं मला कोण म्हणालं होतं?" तो हसत होता. त्याने पावतीही फाडली नाही. स्वतः उभं राहून गाडी मागे घेऊन दिली, वर सलाम ठोकला. दंड केला असता तर परवडलं असतं. मास्तरांना त्या सलामाने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या सवतीला पत्ता नाही या रस्त्याचा," घरी आल्यावर बायको म्हणाली.

"नकाशा जुना झालाय तिचा. अपडेट केला की झालं."

"नाहीतर काढूनच टाका की. तुम्हाला कशाला लागते? तुमच्या डोक्यात आहेत ना रस्ते."

इकडे आड, तिकडे विहीर. डबड्याचं ऐकावं तर नो एन्ट्री, न ऐकावं तर त्या पेट्रोल पंपासमोरचं ते कोरेपण. राहता राहिला एकच उपाय, अपडेट.

आता अपडेट म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा. मुलाचा जुना लॅपटॉप कपाटातून निघाला. त्याला चार्जर मिळेना. चार्जर मिळाला तर डबड्याची वायर मिळेना. वायर मिळाली तर लॅपटॉप म्हणे, आधी मलाच अपडेट करा. तो अर्धा दिवस स्वतःलाच अपडेट करत बसला. मग कंपनीच्या वेबसाइटने पासवर्ड मागितला. मास्तरांकडे साधा बटणांचा फोन. त्यावरून मुलाला विचारलं.

"बाबा, कशाला त्या जुन्या खटाऱ्याच्या मागे लागलाय? चांगला फोन घ्या, त्यात सगळं असतं."

"मला माझं डबडं बरं आहे. पासवर्ड सांग."

"आठवत नाही हो. 'पासवर्ड विसरलात' वर दाबा ना."

दाबलं. तर त्याने प्रश्न विचारला: तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय?

मास्तर हसले. हा काय प्रश्न झाला? शाळेचं नाव टाइप केलं. लाल अक्षरांत आलं, उत्तर चूक. पुन्हा टाइप केलं, एकेक अक्षर बघून. चूक. पुन्हा केलं तसं खातंच बंद झालं, म्हणे उद्या या.

तो दिवस मास्तरांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. शाळेचं पत्र्याचं छप्पर आठवत होतं, पाण्याची टाकी आठवत होती, पट्टी मारणाऱ्या गुरुजींच्या कानातले केससुद्धा आठवत होते. आणि नाव चूक? म्हणजे आता हेही गेलं? पंपासमोर रस्ता गेला होता तो वरवरचा होता. हे तर तळातलं. जेवणावरची वासना उडाली. शेवटी त्यांनी भाजी निवडणाऱ्या बायकोला आडून विचारलं, "आमच्या शाळेचं नाव काय गं होतं?"

तिने मान वर केली. त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग नाव सांगितलं. त्यांनी टाइप केलं होतं तेच, अक्षर न् अक्षर.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या फोनवर उलगडा झाला. "बाबा, खातं मी उघडलं ना? मग माझी शाळा टाकणार. तुमची कशाला टाकू?"

मास्तर न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. आनंदाने. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. बायको दाराशीच उभी होती, हातात टॉवेल घेऊन. त्या क्षणी तिला सगळं सांगून टाकावं असं अगदी ओठांपर्यंत आलं. पण त्यांनी टॉवेल घेतला आणि म्हणाले, "मिळाला पासवर्ड."

मग डबडं म्हणालं, जागा शिल्लक नाही. जिथे मास्तर सात जन्मांत जाणार नाहीत अशा देशांचे नकाशे त्यात भरलेले, ते एकेक पुसले. मग हिरवी पट्टी सुरू झाली. तिच्यापेक्षा गोगलगाय बरी म्हणायची. पट्टीखाली लिहिलं होतं, काम पूर्ण होईपर्यंत वायर काढू नये. मास्तरांनी चहा टेबलाशीच घेतला, पेपर टेबलाशीच वाचला. पट्टी सरकत सरकत शेवटाला आली, अगदी केसभर उरली, आणि तिथेच थबकली. दुपार झाली तरी हलेना. मास्तरांचा डोळा लागला.

जागे झाले तर बायको केर काढत होती आणि वायर जमिनीवर पडली होती. डबड्याच्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह तेवढं लुकलुकत होतं. बटण दाबलं, सगळी बटणं दाबली. मेलं ते.

"तुला अक्कल आहे का?" मास्तर ओरडले. एवढ्या वर्षांच्या संसारात असा आवाज बायकोने कधी ऐकला नव्हता. "लिहिलंय ना तिथे, वायर काढू नका! आंधळी आहेस का?"

तिने झाडू भिंतीला टेकवला. उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती आत गेली, आणि मास्तर मेलेलं डबडं हातात घेऊन तिथेच बसून राहिले. घरात बसावं तर बायकोसमोर तोंड दाखवायची चोरी, बाहेर पडावं तर वाट दाखवायला कोणी नाही. चार भिंती कशा अंगावर येतात ते त्यांना त्या संध्याकाळी कळलं.

अशी डबडी दुरुस्त करणारं एक दुकान होतं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. मास्तरांनी फोन केला. दुकानदार म्हणाला, "सोप्पं आहे हो. तुमच्या गेटवरून बस सुटते ना, तिचा शेवटचा स्टॉप म्हणजे माझं दुकान."

दुसऱ्या दिवशी बायको जेवून आडवी झाली तसे मास्तर मांजराच्या पावलाने निघाले. बसमध्ये बसून गेले असते तर ती गोष्ट वेगळी. पण गाडी सोडून बसने जायचं म्हणजे हरल्यासारखंच की! मास्तरांनी गाडी काढली आणि बसच्या मागे लावली. बस थांबली की थांबायचं, सुटली की सुटायचं. प्रत्येक स्टॉपवर गाभण म्हैस थांबावी तशी ती बस थांबत होती आणि मागे मास्तर इंडिकेटर लावून उभे. बसच्या पाठीवर टूथपेस्टची जाहिरात होती. त्यातला माणूस सबंध रस्ताभर त्यांच्याकडे बघून दात काढत होता. पण पोचले. खोटं कशाला बोला, त्यांना मनातून जरा ऐट वाटली.

दुकानदार मोठा हुशार. त्याने डबडं आपल्या यंत्राला जोडलं, इकडचं तिकडचं दाबलं आणि पुलासकट, वर्तुळासकट ताजा नकाशा भरून दिला.

"एकदम कोरं करकरीत करून दिलंय, काका. जुनं काही म्हणता काही ठेवलं नाही."

मास्तर खुशीत गाडीत बसले. डबडं काचेला चिकटवलं. 'घर' दाबलं.

पडद्यावर आलं: घर सेट केलेलं नाही. पत्ता टाका.

ते परत दुकानात गेले.

"अहो, यातलं घर गेलं."

"जाणारच. सगळं पुसूनच नवं भरावं लागतं. पत्ता सांगा, मी टाकून देतो."

दुकानदार बोटं सरसावून उभा राहिला. मास्तरांनी तोंड उघडलं. सोसायटीचं नाव. फुलाचं नाव होतं. की झाडाचं? तिकडे सगळ्यांनाच फुलांची नावं. दारासमोरची कुंडी दिसत होती, लिफ्टमधला फुटलेला आरसा दिसत होता, स्वयंपाकघरात बायको कुठल्या फरशीवर उभी राहते ते दिसत होतं. नाव दिसेना.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "घरी जाऊन टाकतो."

दुकानदार खदखदा हसला. "घरी जाऊन घराचा पत्ता! भारी आहात काका तुम्ही."

मास्तरही हसले. हसावंच लागलं. आणि गाडीत येऊन बसले.

फोन वाजला. बायको.

"कुठे आहात?"

"हेच... दुकानात. होतंच आलंय."

"येताय ना?"

"येतो की. न यायला काय झालं?"

"बरं," ती म्हणाली. "फोन चालू ठेवा."

एक शब्द बोलले असते तर सुटका होती. घर कुठे आहे गं आपलं, एवढंच. पण ते वाक्य एकदा बोललं की परत गिळता येत नाही, आणि मग किल्ली, डॉक्टर, खिडकी, खुर्ची. मास्तरांनी फोन खिशात टाकला. परत बसच्या मागे जावं म्हणून स्टँडवर नजर टाकली. पाच-सहा बसेस ओळीने उभ्या. नंबर बघायचं भान येताना कुणाला होतं! आणि सगळ्यांच्या पाठीवर तोच टूथपेस्टवाला दात काढतोय.

काचा बंद, ऊन आत येतंय, आणि ती बाई दर थोड्या वेळाने आपली विचारतेय, पत्ता टाका. असं वाटत होतं की आता या गाडीतच आपला जन्म जायचा. मग एकदम त्यांनी मांडीवर हात मारला. लायसन! लायसनवर पत्ता असतो!

पाकीट काढलं. होता की, ठळक छापलेला. वाचता वाचता त्यांचा जीव भांड्यात पडला. गल्लीचं नाव, घराचं नाव, सगळं कसं ओळखीचं, तोंडपाठ. त्यांनी एकेक अक्षर डबड्यात भरलं. घर सेट झालं. बाई म्हणाली, "सरळ जा." मास्तर सरळ गेले.

लायसन जुनं होतं हो. पत्ता बदलून घ्यायचा राहून गेला होता. कुणी त्या घडीला सांगितलं असतं तर मास्तरांना पटलंही असतं. पण सांगायला होतं कोण?

आणि नकाशा तरी काय झकास झाला होता! पूल आला, बाई गांगरली नाही. वर्तुळ आलं, तिने बरोबर तिसरा रस्ता सांगितला. बाजाराचा एकेरी रस्ता तिने सफाईने टाळला. जसजशी गल्ली जवळ आली तसतसे मास्तर तिच्या आधीच वळायला लागले. इथे तर डोळे बांधून येईन मी, म्हणाले. त्यांना कित्येक महिन्यांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

"आपण घरी पोहोचला आहात," बाई म्हणाली.

मास्तरांनी गाडी नेहमीच्या जागी लावली, पायऱ्या चढले आणि कुलपाला किल्ली लावली. ती आत जाईना. उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी. दार हलवलं. हाक मारली, "अगं, कुलूप बदललंस की काय?"

दार उघडलं. आत एक टेलरबाई, गळ्यात टेप, तोंडात टाचणी. तिच्यामागे, जिथे मास्तरांच्या वाहतुकीच्या खुणांचा फळा असायचा, तिथे शिलाई मशीन. हीच ती, त्यांचं घर विकत घेतलेली. कागदांवर सह्या करताना समोर बसलेली. मास्तरांना सगळं एकदम आठवलं.

ती मात्र दचकली नाही. तिने तोंडातली टाचणी काढून उशीला टोचली.

"या मास्तर. बसा."

दाराच्या आतच एक खुर्ची होती. शेजारी स्टुलावर झाकलेला पाण्याचा तांब्या. मास्तर बसले. पाणी प्यायले. पिता पिता त्यांच्या लक्षात आलं की ही बाई अजिबात चकित झालेली नाही, आणि त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मी... आधी आलो होतो का इथे?"

टेलरबाईने मशीनवरचं कापड सारखं केलं. "येता अधूनमधून. सकाळी दूध आणायला पायी निघालेले असता. बसता थोडा वेळ. काकू येतात, मग जाता."

"तिला माहितीये?"

"त्यांनीच नंबर देऊन ठेवलाय मला. आत्ताही तुमची गाडी दिसली तसा केला फोन. निघाल्या आहेत."

मास्तर खुर्चीचे हात धरून बसले. त्यांना वाटत होतं एकदाच झालं, बाजारात, पंपासमोर. आपण झाकून ठेवलंय. आणि इथे त्यांच्यासाठी खुर्ची होती, तांब्या होता. शरम वाटली, इतकी की जमीन दुभंगावी. आपल्यालाच आपण ठाऊक नाही याची भीती तर त्याहून मोठी होती.

टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. बायको पायऱ्या चढून आली, एकेक पायरी, कठड्याला धरून. घरातल्याच कपड्यांत होती. त्यांच्यासमोर स्टुलावर टेकली आणि दम घेत म्हणाली, "चहा घेतलात?"

"कधीपासून कळलंय तुला?"

"उन्हाळ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

टेलरबाई चहा टाकायच्या निमित्ताने आत गेली.

"पोराला सांगितलंस?"

"नाही. तुमचं तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिने पदराने त्यांच्या मानेवरचा घाम टिपला. "आणि ती वायर केर काढताना निघाली नाही. मी ओढली. म्हटलं, हे डबडं मेलं म्हणजे तरी घरात बसाल. गाडी सोडा असं तुमच्या तोंडावर म्हणायची माझी छाती होईना. तर तुम्ही त्या मढ्याला घेऊन शहराच्या पार पलीकडे!"

मास्तरांना राग यायला हवा होता. आला नाही. एवढे महिने एकट्याने उचललेलं ओझं कुणीतरी दुसऱ्या बाजूने केव्हाच धरलेलं होतं, हे कळून त्यांना मोठमोठ्याने रडावंसं वाटलं, आणि ते रडले. यावेळी नळ सोडायला न्हाणीघर नव्हतं.

चहा घेऊन दोघं खाली आली. मास्तर गाडीपाशी थांबले. किल्ली मुठीत.

"टॅक्सी सोडली नाहीये मी," ती म्हणाली. "गाडी राहू दे इथेच."

"आजचा दिवस." मास्तरांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आजचा दिवस चालवू दे. मग घे किल्ली."

तिने टॅक्सीकडे बघितलं, मग त्यांच्या हातांकडे. हात स्थिर होते. "आजचाच," ती म्हणाली. "आणि रस्ता मी सांगेन." तिने टॅक्सीवाल्याला हाताने जा म्हटलं. काचेवरचं डबडं ओढून काढलं आणि मागच्या सीटवर टाकलं. तिथूनही ते एकदा म्हणालं, आपण घरी पोहोचला आहात.

मास्तरांनी गाडी सुरू केली. मग थांबले. आयुष्यात जे कुणालाही सांगितलं नव्हतं ते त्यांनी शेजारी बघत सांगितलं.

"त्या ब्रेकवर पाय ठेव."

"ठेवलाय," ती म्हणाली. "सायकलवाला आला होता त्या दिवशीही तिथेच होता."

मास्तरांनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि ती सांगेल तिकडे गाडी वळवली.